न वाचलेल्यांचा आकडा

माझ्या फीड रीडरमध्ये डाव्या कोपऱ्यात एक आकडा असायचा. मागच्या वर्षी एका शनिवारी सकाळी तो १३४७ होता. बरोबर लक्षात आहे, कारण त्याच सकाळी मी तो काढून टाकायचं ठरवलं. फक्त माझ्यापुरता नाही, सगळ्यांसाठी.

फीड रीडर म्हणजे काय हे आधी सांगते, कारण माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी तो कधी वापरलेला नाही. तुम्हाला आवडणारे पंधरा-वीस ब्लॉग, मासिकं, वेबसाइट आहेत. रोज प्रत्येक ठिकाणी जाऊन नवीन काही आलंय का बघायचं, की हे काम एखाद्या प्रोग्रामवर सोपवायचं? बहुतेक वेबसाइट आपल्या नव्या लेखांची यादी एका ठरावीक साच्यात ठेवतात. त्या साच्याचं नाव आरएसएस. (घरी हे नाव घेतलं की सगळे चमकून बघतात. ते आरएसएस नव्हे.) १९९९ मध्ये नेटस्केपने तो पहिल्यांदा आणला, पुढे बऱ्याच जणांनी त्यावर काम केलं. त्यात २००० सालच्या आवृत्तीवर काम करणारा ॲरन स्वार्ट्झ जेमतेम चौदा वर्षांचा होता. तुम्ही पॉडकास्ट ऐकत असाल, तर आरएसएस वापरताच आहात, फक्त ते दिसत नाही. फीड रीडर या याद्या ठरावीक वेळाने तपासतो आणि नवं आलेलं एका जागी आणून ठेवतो. मध्ये अल्गोरिदम नाही, जाहिरात नाही. ज्याला तुम्ही निवडलंत तोच येतो, आणि ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने येतो.

मी वापरते तो रीडर ओपन सोर्स आहे. त्याचा कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो. दुसऱ्या देशातला एक माणूस नोकरी सांभाळून रात्री तो सांभाळतो, आणि माझ्यासारखे आठ-दहा जण अधूनमधून मदत करतात. त्याचं रूप जुनाट झालं होतं: डावीकडे वेबसाइटची यादी, मध्ये मथळे, उजवीकडे लेख. फोनवर तर फारच अवघड. ‘कुणीतरी याचा इंटरफेस नव्याने करायला हवा’ असं सगळेच म्हणत होते. मी म्हटलं, मी करते.

ती तीन खणांची मांडणी फीड रीडरची स्वतःची नाही, ती ईमेलची आहे. २००२ मध्ये ब्रेंट सिमन्सने मॅकसाठी नेटन्यूजवायर आणला, तो असाच दिसायचा, आणि नंतरच्या कित्येकांनी तेच उचललं. मांडणीबरोबर ईमेलची एक सवयही आली: न वाचलेलं ठळक अक्षरात, आणि बाजूला त्याचा आकडा. पण ईमेल कुणीतरी आपल्याला लिहिलेली असते, तिला उत्तर द्यायचं असतं. ब्लॉग लिहिणाऱ्याने मला काहीच लिहिलेलं नसतं. मग १३४७ हे कसलं देणं? कुणाचं? मी रविवारी दुपारी झोपायच्या ऐवजी ते ‘संपवत’ बसायचे, आणि शेवटी वैतागून ‘सगळं वाचलं’ हे बटण दाबायचे. ते बटण म्हणजे रोज थोडं थोडं खोटं बोलणं.

डेव्ह वायनर, ज्याचा आरएसएस घडवण्यात मोठा वाटा आहे, तो कितीतरी वर्षांपासून सांगतोय की फीड रीडर नदीसारखा असावा. नवं वर येतं, जुनं वाहून जातं. तुम्ही काठावर बसा, हवं तेवढं बघा, उठा. सुटलं ते सुटलं. मला हे इतकं पटलं की मी तीन महिने संध्याकाळी हेच केलं. खण काढले. आकडा काढला. वाचलेलं-न वाचलेलं हा भेद काढला. एकच प्रवाह, सुंदर अक्षर, भरपूर मोकळी जागा. खाली सरकत गेलात की आपोआप पुढचं येत राहील. लोकांना अपराधी वाटायला लावणारं एक यंत्र मी मोडतेय, असं मला मनापासून वाटत होतं. काम स्वीकारलं गेलं, नवी आवृत्ती आली, आणि मला दोन दिवस हवेत असल्यासारखं वाटलं.

माझ्या भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर या रीडरची दोन खाती आहेत. एक माझं, एक आईचं.

आई साताऱ्याला असते. सहकारी बँकेत तिसाहून जास्त वर्षं रोखपाल होती. निवृत्त झाल्यावर तिने फेसबुक उघडलं आणि दोन महिन्यांत बंद केलं. तेव्हा मी तिला हा रीडर लावून दिला. एकतीस फीड आहेत तिचे: मराठी ब्लॉग, एक पक्षीनिरीक्षणाचा, दोन-तीन स्वयंपाकाचे, माझ्या मामेबहिणीचा प्रवासाचा, आणि एक मोठी बातम्यांची साइट, जी दिवसाला तीस-चाळीस गोष्टी ओतते.

नवी आवृत्ती आपोआप बसली. साधारण तीन आठवड्यांनी सर्व्हरवर दुसरंच काहीतरी शोधत असताना मला दिसलं की आईचं खातं एकोणीस दिवस उघडलेलंच नाही. (आपल्या आईचा लॉग आपल्याला दिसतो, ही गोष्ट वेगळ्या लेखाची आहे.) मी घाबरून फोन केला. ती बरी होती. रीडरबद्दल विचारलं तर आधी टाळाटाळ.

“अगं, मला वाटलं माझ्याच फोनचं काहीतरी बिघडलं. तू कामात असतेस, कशाला सांगायचं.”

“पण झालं काय?”

“कुठवर वाचलं तेच कळेना. आणि संपतच नाही ते. फेसबुकसारखं झालंय.”

पुढच्या शनिवारी मी साताऱ्याला गेले. ती आधी कशी वाचायची हे मी कधी पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी चहानंतर रीडर उघडायचा. आकडा बघायचा. बातम्यांची साइट आधी झटकून टाकायची, मथळे वाचून. मग उरलेले सहा-सात लेख एकेक करून, सावकाश. आकडा शून्य झाला की फोन पालथा ठेवायचा आणि देवासमोर दिवा लावायला उठायचं. “कॅश टॅली झाल्यासारखं वाटायचं,” ती म्हणाली. बँकेत दिवसाची रोकड जुळल्याशिवाय ती कधी घरी आली नव्हती. आणि अजून एक: मामेबहीण महिन्यातून एकदा लिहिते. पूर्वी तिच्या नावापुढे १ दिसायचा. आता तिचा लेख बातम्यांच्या चाळीस मथळ्यांखाली गेला होता आणि आईला तो सापडलाच नाही. नदीत जो मोठ्याने वाहतो तोच दिसतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मला जो आकडा देणं वाटत होता, तो तिच्यासाठी शेवट होता. आज इतकंच आहे, एवढं झालं की पुरे. आणि मी काय केलं होतं? खाली सरकत गेलात की आपोआप पुढचं. मी त्याला नदी म्हणत होते, पण कोडमध्ये त्याला जे नाव आहे ते अनंत स्क्रोल. आझा रास्किनने ही कल्पना २००६ मध्ये आणली, आणि पुढे जाहीरपणे तिच्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. ती मी, इतक्या चांगल्या हेतूने, जाहिरात नसलेल्या, पैसे न कमावणाऱ्या, माझ्या आईच्या फोनवरच्या एकमेव शांत जागेत नेऊन बसवली होती.

या आझाचे वडील जेफ रास्किन. ॲपलमध्ये मॅकिंटॉशचं काम त्यांनी सुरू केलं होतं, आणि २००० साली ‘द ह्यूमेन इंटरफेस’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात सवयीला फार मोठी जागा आहे. माणूस एखादं साधन वापरत राहिला की हात आपोआप चालायला लागतो आणि लक्ष कामाकडे जातं. चांगला इंटरफेस ही सवय होऊ देतो, मोडत नाही. मी हे पुस्तक कॉलेजात असताना वाचलं होतं आणि त्यावर प्रेझेंटेशनही दिलं होतं.

आता मला जो प्रश्न सतावतो तो असा. दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याची सवय मोडण्याचा अधिकार मला कुठून आला?

सोपं उत्तर आहे: ओपन सोर्स आहे, फुकट आहे, कुणी कुणाचं देणं लागत नाही. अशा जवळपास प्रत्येक परवान्यात लिहिलेलं असतं की आहे तसं घ्या, कसलीही हमी नाही. रात्री जागून काम करणाऱ्याला कुणी जाब विचारू नये, हे मलाही मान्य आहे. आणि ज्याला बदल आवडला नाही त्याने जुना कोड घेऊन आपला वेगळा रस्ता धरावा. हे खरोखर घडतंही. २०११ मध्ये लिनक्सवरच्या ग्नोमने तिसऱ्या आवृत्तीत सगळं रूपच बदललं, तेव्हा नाराज झालेल्यांनी जुन्या ग्नोमपासून माटे उभा केला, आणि तो अजून चालू आहे. गूगल रीडरच्या वेळी तेही शक्य नव्हतं. १ जुलै २०१३ ला कंपनीने तो बंद केला आणि विषय संपला. मी तेव्हा नुकतीच दहावी दिली होती, पण पुढे ऑफिसमधले सीनियर त्याबद्दल अजूनही घरातलं कुणी गेल्यासारखं बोलतात.

पण ‘आवडलं नाही तर वेगळं करा’ हे वाक्य मी आईला म्हणून बघितलं, मनातल्या मनात, आणि मला हसूही आलं नाही. कोड बदलायचं स्वातंत्र्य तिला कागदावर आहे. खरं स्वातंत्र्य तिच्याकडे एकच होतं, ते म्हणजे वापरणं बंद करणं, आणि तिने ते कुणालाही न सांगता वापरलं. असे आणखी किती जण गेले असतील? जे भांडतात त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत पोहोचतं. गप्प बसून निघून जाणारे मोजता येत नाहीत.

दुसरं उत्तर जरा हुशार आहे. थेलर आणि सन्स्टाइन यांच्या २००८ च्या ‘नज’ या पुस्तकात ते आहे: लोकांना चांगल्या बाजूला हलकेच ढकला, पण बाहेर पडायची वाट सोपी ठेवा. म्हणजे आकडा काढा, पण सेटिंगमध्ये ठेवा. मी तेच केलं होतं! सेटिंग, मग ‘डिस्प्ले’, मग तिसऱ्या टॅबमध्ये खाली, इंग्रजीत. वाट होती. फक्त ती सोपी कुणासाठी आहे हे मी माझ्याकडे बघून ठरवलं होतं. आईला तर काही सेटिंग असेल हेच माहीत नव्हतं. तिला वाटलं फोन बिघडला. बहुतेक लोक जे समोर येतं तेच वापरतात, त्यामुळे सुरुवातीला काय दिसतं हाच खरा निर्णय असतो. सेटिंग ही निर्णय घेणाऱ्याची मनःशांती असते.

आणि तरीही मी पूर्णपणे उलट बाजूला जाऊ शकत नाही. आहे तसंच ठेवणं हाही निर्णयच आहे. ईमेलवरून उचललेली ती मांडणीही कुणीतरी, कुणालाही न विचारता, सगळ्यांवर लादलीच होती. फक्त तिला वीस वर्षं झाली म्हणून ती आपल्याला नैसर्गिक वाटते. आकड्याने छळलेले माझ्यासारखे लोक खरे आहेत. काही न बदलून त्यांच्यावर अन्याय होतो, आणि तो सवयीच्या नावाखाली झाकला जातो. मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’त मांडलं की माणसाचं स्वतःचं भलं हे त्याच्यावर सक्ती करायला पुरेसं कारण नाही. बरोबर आहे. पण इंटरफेसमध्ये कुणी कुणावर सक्ती करत नाही. कुणीतरी फक्त बटण दोन बोटं खाली सरकवतं.

त्या रविवारी आईच्या स्वयंपाकघरात बसून मी दोन गोष्टी लिहिल्या. एक, अनंत स्क्रोल काढला. जिथे मागच्या वेळी थांबलात तिथे आता एक रेघ येते आणि ‘इथवर वाचलं होतं’ असं लिहिलेलं असतं. रेघेच्या खाली काही आपोआप येत नाही. दोन, जे क्वचित लिहितात त्यांना वेगळं काढलं: महिन्यात चारपेक्षा कमी लेख असतील, तर ते प्रवाहाच्या वर, नावासकट, वाचेपर्यंत थांबून राहतात. चारच का? कारण आईला विचारलं आणि ती म्हणाली, आठवड्याला एक लिहिणारा तसा नियमितच म्हणायचा.

आकड्याचं मात्र अजून ठरलेलं नाही. प्रकल्प सांभाळणारा म्हणतो, पहिल्यांदा उघडताना विचारू या. मला भीती अशी की पहिल्यांदा उघडणाऱ्याला आपण कशा प्रकारचे वाचक आहोत हे कुठे माहीत असतं? मला स्वतःला कळायला सहा वर्षं लागली. तो बदल गेले पाच आठवडे अर्धवट पडून आहे, आणि रोज रात्री मी तो उघडून बघते आणि बंद करते.

आईच्या खात्यात मी आकडा परत लावून दिला. काल फोनवर बोलता बोलता तिने विचारलं, “ती रेघ आहे ना, ती जरा जाड करता येईल का? चष्म्याशिवाय दिसत नाही.”