मुदतीचा कागद

भित्तीपत्रक जन्मतःच आपल्या मरणाची तारीख अंगावर मिरवते. प्रयोग अमुक दिवशी, अमुक ठिकाणी. तो दिवस उलटला की प्रयोजन सरते आणि दुसऱ्या पत्रकाची खळ त्याच्या तोंडावर फिरते. अशा कागदाला मागे ओढून धरणारा संग्राहक नेमके काय वाचवतो, हा प्रश्न १९६०च्या दशकातल्या बंडखोर जपानी पत्रकांपाशी मला जितका छळतो तितका हस्तलिखितांपाशी छळत नाही. कारण ती पत्रके करणाऱ्यांना चिरंतनाचेच वावडे होते.

१९६४च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी युसाकु कामेकुरांनी केलेले पत्रक आठवून पाहावे : शुभ्र अवकाश, प्रचंड तांबडे सूर्यबिंब, खाली सोनेरी वर्तुळे, बस्स. युद्धाच्या राखेतून उठलेल्या राष्ट्राने जगाला दाखवावा असा तो नितळ, निर्विकार चेहरा. पुढच्याच वर्षी, गिन्झातल्या मात्सुया या बड्या दुकानात भरलेल्या ‘पर्सोना’ प्रदर्शनात, तादानोरी योकोओ या तरुणाने त्या सूर्याला पुन्हा किरणे फोडली, त्यांच्यासमोर स्वतःला फासावर लटकवले, कडेला फुजी पर्वत आणि बुलेट ट्रेन बसवली, आपला बाळपणीचा फोटो छापला आणि जाहीर केले, की वयाच्या २९व्या वर्षी शिखर गाठून मी मेलो आहे. त्याला दत्तक घेणारे आईबाप किमोनोच्या कापडाचे व्यापारी; ताग्यांवरच्या भडक लेबलांवर त्याची नजर पोसली होती, आणि आधुनिक अभिरुचीने ग्राम्य म्हणून दाराबाहेर काढलेले ते सारे त्याने मानाने ओटीवर आणून बसवले. नव्याचा ध्यास म्हणजे भूतकाळाकडे पाठ, ही माझी सोयीची समजूत त्या पत्रकापुढे टिकत नाही.

मग आली नाटके. जुरो कारांची मंडळी १९६७मध्ये शिंजुकूतल्या हानाझोनो देवळाच्या आवारात लाल तंबू ठोकून प्रयोग करू लागली. त्याच वर्षी शुजी तेरायामांची ‘तेन्जो साजिकी’ ही नाटकमंडळी उभी राहिली. या मंडळींची पत्रके नाटकाची वर्दी देऊन थांबत नाहीत. ७२८ बाय १०३० मिलिमीटरच्या कागदावर ती नाटकाच्या आधीच आपला स्वतंत्र प्रयोग लावून मोकळी होतात. तंबू उतरला, आवाज हवेत विरले, आणि जे सर्वांत आधी नष्ट व्हायचे तेच साक्षीला उरले. टोकियोत नाट्यपत्रके चिकटवण्याचा धंदा करणाऱ्या एका कंपनीनेच पुढे ती जमवण्या-जपण्याचे काम अंगावर घेतले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते : ज्या हातांनी कागद उन्हापावसाच्या स्वाधीन केला, त्यांनाच त्याची किंमत आधी उमगावी.

या पत्रकांच्या सिल्कस्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाची जाळी निराळी, एकेक रंग खाली उतरतो आणि शाईचा दाट थर कागदावर असा बसतो, की तिरप्या उजेडात त्याची कड दिसावी. एखादी जाळी केसभर सरकली तर ओठाबाहेर ओसंडलेली लाली तशीच राहते. (छापील पुस्तकात हे सारे सपाट होते, म्हणूनच माणसे मूळ प्रतीच्या नादी लागतात, केवळ दुर्मीळतेचा हव्यास म्हणून तो नाद झटकून टाकू नये.) पण उजेड हाच त्या रंगांचा वैरीही. भिंतीवर लावावे तर गुलाबी फिका पडतो. सपाट खणात निजवावे तर रस्त्यावरून जाणाऱ्याला हटकण्यासाठी जन्मलेली गोष्ट मुकी होते. संग्राहक या दोन अपराधांपैकी एकाची निवड करतो, आणि बहुतेक वेळा, मीही, दुसऱ्याचीच.

योकोओ मात्र मेला नाही. १९८०मध्ये न्यूयॉर्कला पिकासोचे प्रदर्शन पाहून तो चित्रकलेकडे वळला. २०१२मध्ये कोबेला त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. आणि २०२३मध्ये, सत्त्याऐंशीच्या घरात, त्याने कान्झान आणि जित्तोकु या तांगकालीन अवलिया भिक्षूंची शंभरावर चित्रे मांडली. परंपरेत एकाच्या हाती कागदाची गुंडाळी असते, दुसऱ्याच्या हाती झाडू. योकोओने झाडूच्या जागी व्हॅक्यूम क्लीनर दिला, आणि त्या पूज्य गुंडाळीच्या जागी टॉयलेट पेपर.