वरच्या फळीवरचा डबा

दिवाळीचा फराळ झाला, की माझी आई त्याचे दोन भाग करी. एक डबा खाली, आम्हां मुलांच्या हाताला येईल असा. दुसरा वरच्या फळीवर. ‘हा पुढे होईल,’ एवढेच ती म्हणे. हे ‘पुढे’ म्हणजे नक्की केव्हा, ते आम्ही कधी विचारले नाही. कधी तो डबा पाहुण्यांसाठी निघे; कधी तुळशीच्या लग्नापर्यंत तसाच राही, आणि उघडून पाहावे तो चकल्या खवट झालेल्या असत.

परवा हा डबा मला अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटला. राष्ट्रांची संपत्ती पिढ्यान् पिढ्या कशी वाढते, याविषयीचे अर्थशास्त्रज्ञांचे सिद्धांत मी वाचीत होतो. समीकरणांचे कुंपण कसेबसे ओलांडले आणि पाहतो तो आत आईचाच प्रश्न बसलेला : आज किती खावे आणि उद्यासाठी किती राखावे?

केंब्रिजच्या फ्रँक रॅम्झी यांनी १९२८ साली हा प्रश्न गणिताने सोडवला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते; सत्ताविसावा वाढदिवस पाहण्याआधीच ते वारले. त्यांचे म्हणणे असे, की पुढच्या माणसांचे सुख केवळ उशिरा येणार म्हणून हलके मोजणे नीतीला धरून नाही. ती आपल्या कल्पनाशक्तीची दुर्बलता आहे. या सूत्राने त्यांनी एक उदाहरण सोडवले, तेव्हा उत्पन्नातले शंभरातले सुमारे साठ शिल्लक टाकावेत, असे उत्तर आले! हे कोणालाही अवाच्या सवा वाटेल, याची त्यांनाही जाणीव होती.

आईने रॅम्झींचे नाव ऐकले नव्हते. पण ती जगली त्यांच्याच हिशेबाने. माझ्या फीसाठी तिने दोन लुगड्यांवर वर्षे काढली. आज माझ्या कपाटात नको तितके कपडे आहेत. ते उघडताना पुष्कळदा मनात येते, की गरिबाने पोटाला चिमटा घेऊन साठवले ते अखेर कोणासाठी? त्याच्याहून सुखवस्तू होणाऱ्या माणसासाठी!

तरी आईने राखला तो स्वतःचा घास होता. देशाच्या बाबतीत तसे राहत नाही. आपली दुसरी पंचवार्षिक योजना १९५६ साली सुरू झाली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा भर यंत्रे घडवणाऱ्या अवजड कारखान्यांवर होता. आज थोडे सोसले, तर पुढे उत्पादन झपाट्याने वाढेल, हा त्यामागचा हिशेब. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठातले सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी पुस्तक लिहून सांगितले, की ज्याच्या हातून काम घ्यायचे, त्याच्या अन्नवस्त्राची सोय आधी करा. हा वाद केवळ आकड्यांचा नव्हता. स्वतःचा घास राखणे हा त्याग. दुसऱ्याच्या ताटातला घास ‘पुढे होईल’ म्हणून उचलणे याला काय म्हणावे?

योगायोग असा, की त्याच १९५६ साली अमेरिकेत रॉबर्ट सोलो यांनी दाखवले, की नुसत्या काटकसरीने वाढीचा वेग कायम राहत नाही. यंत्रे झिजतात, त्याच हातांना आणखी यंत्रे दिली, की प्रत्येक नव्या यंत्राचा लाभ कमी कमी होतो. पुढच्या वर्षी त्यांनी अमेरिकेचा १९०९ ते १९४९ चा हिशेब मांडला. कामाच्या तासामागचे उत्पादन त्या काळात दुप्पट झाले होते. त्यातला जेमतेम एक अष्टमांश वाटा वाढत्या भांडवलाचा. बाकीचे सारे श्रेय काम करण्याच्या सुधारलेल्या रीतींकडे गेले. एडमंड फेल्प्स यांनी तर १९६१ साली दाखवून दिले, की एका मर्यादेपलीकडे साठवीत राहिले, तर कोणत्याच पिढीच्या तोंडी अधिक पडत नाही. खवट चकलीची गोष्ट यापेक्षा वेगळी ती काय?

मग टिकते काय? १९९० साली पॉल रोमर यांनी उत्तर दिले : ज्ञान. वस्तू एकाने वापरली, की दुसऱ्याला उरत नाही. युक्ती कितीही जणांनी वापरली तरी सरत नाही. हे समजावताना ते स्वयंपाकघरातल्या पाककृतीचाच दाखला देतात! आईच्या भाजणीचे प्रमाण आळीतल्या चार घरी गेले होते. आमच्या चकल्या त्यामुळे कमी खुसखुशीत झाल्या नाहीत.

एवढ्यावर थांबलो असतो, तर माझे मन किती निश्चिंत झाले असते! पण ज्ञान वाटायला फुकट असले, तरी मिळवताना कोणाचा तरी घास लागतोच. माझ्या शिक्षणाला ती दोन लुगडी लागली. रॅम्झींचे सूत्र मला आजही पटते. मात्र ते दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजे. उद्याचा माणूस आजच्याइतका मोलाचा असेल, तर आजचाही उद्याच्याइतकाच मोलाचा आहे. आईला त्या हिशेबात कोणी धरलेच नाही. तिने नाही, आणि आम्हीही नाही. वरच्या डब्यातली एक चकली तिच्या हातावर ठेवावी, हे मला कधी सुचले नाही.

यंदा चकल्या झाल्यावर सूनबाई एक डबा वर ठेवायला निघाली. मी म्हटले, ‘‘ठेव, पण आधी तू दोन खा.’’ ती हसली आणि चुलीजवळच बसून तिने चकली मोडली. नात शेजारी वहीत भाजणीचे प्रमाण उतरवून घेत होती.