शिळं, उष्टं आणि उरलेलं



आजचं वाचन आहे गीतेचा सतरावा अध्याय, श्लोक ७ ते १०. आहाराचे तीन प्रकार: सात्त्विक, राजस आणि तामस. यातला दहावा श्लोक सध्या मोबाईलवर भरपूर फिरतोय. तामस माणसाला काय आवडतं, याची त्यात यादी आहे. यातयाम, गतरस, पूति, पर्युषित, उच्छिष्ट, अमेध्य. मग एखाद्या रीलमध्ये कुणीतरी सांगतं की याम म्हणजे तीन तास, म्हणून शिजवल्यावर तीन तासांनी अन्न तामस होतं आणि ते खाल्लं की साधना बिघडते. रात्री नऊला ऑफिसमधून घरी पोचणारी, मनापासून साधना करू पाहणारी मुलंमुली हे ऐकतात आणि सकाळच्या पोळ्या डब्यातून थेट कचऱ्यात टाकतात. टाकताना काहींना वाईट वाटतं. काहींना शुद्ध झाल्यासारखं वाटतं. मला काळजी या दुसऱ्यांची वाटते.

कारण शास्त्र एकाच बाजूला बोलत नाही. तैत्तिरीय उपनिषदातली भृगुवल्ली उघडा. अन्न हेच ब्रह्म, हे भृगूला सगळ्यात आधी उमगतं. पुढे तो आनंदापर्यंत पोचतो, पण त्यानंतर उपनिषद पुन्हा अन्नाकडे वळतं आणि व्रतं सांगतं. अन्नाला नावं ठेवू नयेत, अन्न झिडकारू नये, अन्न पुष्कळ पिकवावं, दारी आलेल्याला परत पाठवू नये. म्हणजे रात्री साडेनऊला दोन पोळ्या हातात धरून ओट्याशी उभं राहिलं की एका बाजूला गीता आणि दुसऱ्या बाजूला उपनिषद. खाल्लं तर तामस, टाकलं तर व्रतभंग. करायचं काय?

आधी तो तीन तासांचा हिशेब बघू. शंकराचार्य ‘यातयाम’ शब्दाचा अर्थ तीन तास झालेलं असा घेतच नाहीत. ते म्हणतात, नीट न शिजलेलं. कारण सत्त्व गेलेलं हा अर्थ ‘गतरस’मध्ये येऊन गेला. इतर टीकाकार प्रहर उलटलेलं, गार झालेलं असा अर्थ घेतात. ज्ञानेश्वर माऊली दोन्ही सांगतात, वेळ उलटून गेलेलंही आणि अर्धवट उकडलेलं किंवा करपलेलंही. पण पळवाट काढायला नको. ‘पर्युषित’ म्हणजे शिजवल्यावर रात्र उलटलेलं, हे शंकराचार्य स्वच्छ सांगतात. रात्रीची भाकर सकाळी खाल्ली तर ती पर्युषितच.

गंमत अशी की हीच बंदी घालणाऱ्या धर्मशास्त्रानं तिला सवलतही दिली आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात (त्या ग्रंथाशी माझी भांडणं पुष्कळ आहेत, ती आज नकोत) असं सांगितलंय की तेल-तूप लागलेलं शिळं चालतं, यज्ञातलं उरलेलं चालतं, गव्हाचे आणि जवाचे पदार्थ तेल-तुपाशिवायही चालतात, दुधापासून केलेलंही चालतं. थोडक्यात फोडणीची पोळी शास्त्रसंमत! यादी करणाऱ्यानं स्वयंपाकघर जवळून पाहिलं असावं. कोरडं पीठ, स्निग्ध पदार्थ, विरजलेलं दूध, या टिकणाऱ्या गोष्टी. ज्वारी मात्र त्या यादीत नाही. म्हणजे माझ्या आजीची भाकर नियमात बसत नाही.

आजी म्हसावदची. शहाद्याहून तोरणमाळला जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. आजूबाजूला ऊस, केळी, पपई, आणि वर डोंगरात कोरडवाहू तुकडे. तिच्या घरी संध्याकाळी माणशी मोजून भाकरी होत आणि वर दोन जास्त, अचानक येणाऱ्यासाठी. कुणी आलं नाही तर त्या दोन सकाळी आमच्या असत. ती त्या हातानं बारीक कुस्करायची, वर ताकाचा हबका मारायची, पाच मिनिटं झाकून ठेवायची. मग तेलात मोहरी, कांदा, शेंगदाणे आणि नंदुरबारची लाल मिरची, ज्यानं कान गरम व्हायचे. कुस्करा तयार. उडदाची डाळ उरली तर तिच्यातच ज्वारीचं पीठ मळून थालीपीठ. ताक आंबट झालं की कढी. दोडक्याच्या शिरांची चटणी. पुरणाची डाळ शिजवलेलं पाणी तर कुणीच टाकत नाही, त्याची कटाची आमटी होते, आणि सणाच्या दिवशी पुरणपोळीपेक्षा तिच्यावरच जास्त हात मारणारे लोक मी पाहिलेत.

पण आजी सगळं खाऊ घालायची असं नाही. प्रत्येक पातेलं उघडून ती आधी वास घ्यायची. तार सुटली, बुरशी दिसली, आंबूस वास आला की ते ताटात येत नसे. गीतेच्या यादीतला ‘पूति’ हा शब्द, म्हणजे दुर्गंध आलेलं, तिनं वाचला नव्हता, पण पाळला होता. तिथं उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. भाकर वाळते, नासत नाही. वरण-भात मात्र दगा देतो. आज आपल्याकडे फ्रिज आहे, तरी भाताच्या बाबतीत जपा. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करतात आणि त्यातलं एक विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून वास आला नाही तरी रात्रभर बाहेर राहिलेला भात खाऊ नये. तास-दोन तासांत पसरट भांड्यात फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी फोडणीला घालून वाफ येईपर्यंत गरम करावा.

मला वाटतं, दहाव्या श्लोकातला महत्त्वाचा शब्द शेवटचा आहे, ‘प्रिय’. आहार प्रत्येकाला आपापल्या वृत्तीप्रमाणे आवडतो, असं सातव्या श्लोकातच सांगून ठेवलंय. अन्नाचा गुण आणि खाणाऱ्याची ओढ, दोन्ही तिथं बोललंय. ज्याला नासकं, मेलेलं, कुबट तेच रुचतं, आळसानं जो ताजं करतच नाही, त्याचं हे वर्णन आहे. टाकवत नाही म्हणून दोन भाकरी जपणाऱ्या बाईचं नाही.

याला उपनिषदातच साक्षीदार आहे. छांदोग्याच्या पहिल्या अध्यायातली उषस्ती चाक्रायणाची गोष्ट. कुरुदेशात पिकं उद्ध्वस्त झालेली, उषस्ती बायको आटिकीसह एका गावात दिवस काढतोय. एक माहूत उकडलेलं हलकं धान्य खात बसलेला. उषस्ती त्याच्याकडे मागतो. माहूत म्हणतो, माझ्या पुढ्यात आहे तेवढंच आहे. उषस्ती तेच उष्टं मागून घेतो आणि खातो. माहूत पाणी पुढे करतो, तर म्हणतो, नको, ते उष्टं होईल. अहो, मग धान्य उष्टं नव्हतं? उषस्तीचं उत्तर असं की ते खाल्लं नसतं तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला हवं तिथे मिळतं. उरलेलं तो आटिकीसाठी नेतो. तिला आधीच भिक्षा मिळालेली असते, ती ते ठेवून देते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच, आता उष्टंही आणि शिळंही, खाऊन तो राजाच्या यज्ञाला जातो आणि तिथल्या ऋत्विजांना त्यांच्याच मंत्रांच्या देवता विचारतो. त्यांना सांगता येत नाही. मग तोच सांगतो: प्राण, आदित्य आणि तिसरी देवता अन्न. पोटात काल उरलेले चार दाणे असलेला माणूस हे सांगतो!

ही गोष्ट मला उषस्तीच्या नाही म्हणण्यासाठी आवडते. तो नियम मोडतो, पण गरज आहे तेवढाच. पाण्यापाशी थांबतो. म्हसावदच्या आजीच्या पिढीनं १९७२चा दुष्काळ पाहिला. महाराष्ट्रभर तेव्हा अमेरिकेहून आलेली मायलो ही लाल ज्वारी रेशनवर मिळायची आणि मुलांना सुकडी. आजी सांगायची, मायलोची भाकर थापताना तुटायची, तरी तिचे तुकडे कुणी मागे ठेवत नसे. नंदुरबार १ जुलै १९९८ला धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला, आणि आजही त्याचं नाव पेपरात येतं ते बहुतेक वेळा कुपोषणाच्या बातमीत. दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात भारतातल्या घरांतून दरवर्षी माणशी ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिलाय. ज्याच्याकडे ताज्याचीही सोय आहे आणि फ्रिजचीही, त्यानं आपली पोळी कचऱ्यात टाकताना उषस्तीला आठवून बघावं. आपली अडचण त्याच्या बरोबर उलट आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. आपण टाकत नाही, आपण देतो, असं पुष्कळजण सांगतात. कुणाला? कामाच्या मावशींना, वॉचमनला, सिग्नलवरच्या मुलाला. तामस म्हणून जे माझ्या साधनेला चालत नाही, ते त्यांना चालतं! पुण्यात आमच्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशींना एकदा शेजारच्या घरातून दोन दिवसांची भाजी मिळाली. पिशवी हातात धरून त्या मला एवढंच म्हणाल्या, “ताई, मलाबी ताजंच आवडतं की.”

याच सतराव्या अध्यायात बारा श्लोक पुढे जा. बाविसाव्या श्लोकात तामस दान सांगितलंय: अयोग्य जागी-वेळी, आदर न ठेवता, तुच्छतेनं दिलेलं. दहावा श्लोक तोंडपाठ आणि बाविसावा वाचलाच नाही, असं चालणार नाही. आहार सात्त्विक ठेवण्यासाठी दान तामस केलं तर हाती काय राहिलं? माझ्यापुरता मी एक नियम केलाय. जे मी आत्ता, या क्षणी, स्वतः आनंदानं खाईन तेच दुसऱ्याला विचारायचं, आणि विचारायचं आजच, चार दिवस फ्रिजमध्ये फिरवून नाही. आणि त्यांनी “नको” म्हटलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही. गाईलाही हे लागू आहे. शिजवलेल्या पोळ्या-भाताचा ढीग एकदम खाल्ला तर तिच्या पोटात आम्ल वाढून ती दगावू शकते. सणाच्या दुसऱ्या दिवशी पिशवीसकट रस्त्यावर ठेवलेलं अन्न हे गोग्रास नव्हे.

आमच्या भागानं हा प्रश्न फार आधी, फार कडक शब्दांत सोडवायला घेतला होता. शहादा तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती नावाचे भिल्ल कार्यकर्ते होते. भजनी मंडळांतून लोकांना जोडणारे, म्हणून अंबरसिंग महाराज. १९७२मध्ये तिथं श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्या मागण्या होत्या गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात आणि सालदारांना, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांना, रास्त मजुरी मिळावी. मालकाच्या घरची उरलेली भाकर जास्त मिळावी, अशी मागणी नव्हती. भजन म्हणणाऱ्या माणसांनी हे मागितलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. मावशींना शिळी भाजी द्यायची का, यावर आपण तासभर चर्चा करतो. त्यांचा पगार शेवटचा कधी वाढवला, हे किती घरांत सांगता येईल?

आणखी एक माणूस या हिशेबात राहून जातं. घरातलं शिळं आपल्यात कोण खातं? आजी आम्हाला कुस्करा करून द्यायची हे खरं, पण ताज्या भाकरी झालेल्या असतानाही कालचा तुकडा ती स्वतःच्या ताटात घ्यायची, आणि जेवायची सगळ्यात शेवटी. आई तेच करते. काटकसर सगळ्या घराची आणि शिळं एकीच्या पोटात! यालाही आपण त्याग म्हणून हात जोडतो. याच अध्यायाच्या सहाव्या श्लोकात भगवंत म्हणतात की शरीराला उगाच कष्टवणारे आत बसलेल्या मलाही कष्टवतात. ते घोर तपाबद्दल आहे, मान्य. पण आईच्या शरीरातही तोच बसलाय ना? आमच्या घरी आता उरलेलं आधी मध्ये ठेवलं जातं आणि प्रत्येकाच्या ताटात थोडं-थोडं येतं. बाबांनी पहिल्या दिवशी जरा तोंड वाकडं केलं. फोडणी चांगली होती, म्हणून फार ताणलं नाही.

वारकऱ्यांचा काला हा मला याच गोष्टीचा सोहळा वाटतो. प्रत्येकाची शिदोरी वेगळी, कुणाची आजची, कुणाची कालची, कुणाकडे लोणच्याची फोड. एकत्र कालवल्यावर कुणाचं कुठलं ते कळत नाही, आणि देवही त्यातलाच घास मागतो. जगन्नाथपुरीला तर महाप्रसादाचा भात वाळवून निर्माल्य म्हणून लोक घरी जपून ठेवतात. नैवेद्य ताज्याचाच दाखवायचा, हे मी पाळते. पण सकाळी ज्या पोळ्यांचा नैवेद्य दाखवला, त्याच संध्याकाळी ‘तामस’ म्हणून टाकायच्या, तर प्रसादाचा अर्थ दुपारी कधीतरी संपला असं म्हणावं लागेल.

ज्यांना हे पटत नाही, त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे: मोजून करा. दोघांसाठी पाच पोळ्या लागतात, तर नऊ लाटू नका. ताजंच खायचं व्रत घ्यायचं तर अंदाज चुकू न देण्याचं व्रतही त्याच्याबरोबर येतं, आणि ते जास्त अवघड आहे.

माझ्याकडे आज दुपारच्या तीन पोळ्या आणि वाटीभर मेथीची भाजी आहे. दोन्ही बारीक करून, थोडं बेसन आणि तीळ घालून वड्या थापेन. उद्या श्लोक ११, यज्ञाचा विषय तिथून सुरू होतो. वाचून ठेवा.