प्रीतीची पारख



संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर, कल्याणच्या काळ्या तलावाकाठी किंवा दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर चक्कर मारली, की तरुण मुलामुलींच्या जोड्या दिसतात. त्यांत आपल्या धर्मग्रामातलीही असतात. काही वडीलधारी मंडळी नाके मुरडतात. आम्हांला त्यात वावगे वाटत नाही, कारण स्त्री-पुरुषांमधील ओढ देवानेच निर्माण केली आहे. पण ओढ म्हणजेच प्रीती नव्हे. म्हणूनच विवाहपूर्व शिबिरात मुले विचारतात, "फादर, प्रेम खरे आहे हे ओळखायचे कसे?"

संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील तेरावा अध्याय आपण लग्नाच्या मिस्सामध्ये आवडीने वाचतो. वास्तविक पौलाने तो नवरा-नवरीसाठी लिहिला नव्हता. आपापसांत भांडणाऱ्या, मानापमानात अडकलेल्या मंडळीला त्याने तो लिहिला. प्रीतीचे गुण मोजताना तो सर्वांत आधी सहनशीलतेचे नाव घेतो. याकोबाने राहेलसाठी सात वर्षे चाकरी केली, फसवणूक झाल्यावर आणखी सात वर्षे केली. संत थॉमस अक्वायनस यांनी अॅरिस्टॉटलला अनुसरून सांगितले, की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. मला ती व्यक्ती हवी आहे, एवढ्याने प्रेम सिद्ध होत नाही. तिचे भले मला हवे आहे का, हे पाहावे लागते.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळक कॅथलिक नव्हते, पण त्यांची भजने मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठी आहेत. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या मुलाला घेऊन काही वर्षे नातलगांकडे राहिल्या. टिळकांच्या या निर्णयाने पत्नीला किती यातना झाल्या, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आडपडदा न ठेवता लिहिले आहे. पण पुढचे महत्त्वाचे आहे. लक्ष्मीबाई नगरला पतीकडे परतल्या तेव्हा त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या विचाराने पटले, आणि 1900 साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. 1919 साली टिळक गेले, तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले. ज्या श्रद्धेपायी संसार मोडण्याच्या बेतात आला होता, तिचेच गीत त्या गाऊ लागल्या. सक्तीने हे झाले नसते.

खऱ्या प्रेमाची पारख इथे होते. समोरच्याचे 'नाही' ऐकून आपण काय करतो? "तू भेटली नाहीस तर जिवाचे बरेवाईट करीन," असे म्हणणारा प्रेम करत नाही, धाक दाखवतो. मोबाइलचा पासवर्ड मागणे, मैत्रिणी तोडायला लावणे, फोटोवरून धमकावणे, ही प्रेमाची लक्षणे नव्हेत. असे काही घडत असेल तर मुलींनो, आणि मुलांनोही, एकटे सोसू नका. आईवडिलांना सांगा, आम्हांला सांगा, गरज पडल्यास पोलिसांत जा.

पालकांनाही हीच पारख लागू आहे. "आमचे ऐक, नाहीतर घराची पायरी चढू नकोस," हाही धाकच. सल्ला द्यावा, धोके दाखवावेत, मुलाची चौकशीही करावी. पण होकार मुलीचाच हवा. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार वधूवरांच्या संमतीनेच विवाह होतो आणि ती संमती दुसरे कोणीही देऊ शकत नाही. सक्तीने किंवा भीतीपोटी लावलेले लग्न वैध ठरत नाही.

आपल्या भागात आंतरधर्मीय विवाह होतात. तिथेही लग्नासाठी बाप्तिस्मा घ्यायला कोणाला भाग पाडू नये. बिशपांची सूट घेऊन असा विवाह चर्चमध्ये लावता येतो. कॅथलिक व्यक्तीने आपली श्रद्धा जपण्याचे आणि मुलांना त्याच श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सारे करण्याचे वचन द्यायचे असते, आणि जोडीदाराला ते आधी ठाऊक असावे लागते. या गोष्टी हॉल बुक करण्यापूर्वी बोला. जो माणूस त्या लपवायला सांगतो, त्याच्या प्रेमाविषयी पुन्हा विचार करा.

प्रभू येशूनेही आपल्यावर सक्ती केली नाही. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा प्रभूने त्याला ओढून आणले नाही. आणि त्या तरुणाकडे पाहून प्रभूने त्याच्यावर प्रीती केली, असे संत मार्क आवर्जून नोंदवतो.

या आठवड्यात कुटुंबाच्या प्रार्थनेत आपल्या लग्नाळू मुलामुलींना प्रभूच्या हाती सोपवू या. हे प्रभू, आमच्या तरुणांना प्रीतीची पारख दे आणि आम्हां थोरांना धीर दे. आमेन.

आपला ख्रिस्तामध्ये,
प्रमुख धर्मगुरू