मनात आहे, मग ओठांवर का नको?



आपल्या घरांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते. "मी त्याला मनातून केव्हाच क्षमा केली आहे, पण बोलायला काही जाणार नाही." सख्खे भाऊ शेताच्या बांधावरून किंवा वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून दुरावतात. दोघेही रविवारी मिस्साला येतात. दोघेही प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणतात. शांतीच्या अभिवादनाची वेळ आली की एक उजवीकडच्या माणसाकडे वळतो, दुसरा डावीकडच्या. दोघांपैकी कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळते: "माझ्या मनात आता काही नाही."

हे उत्तर खोटेच असते असे आम्ही म्हणणार नाही. वर्षे सरतात, राग खरोखरच निवतो. तरीही एक प्रश्न उरतो. जी क्षमा मनात आहे पण ओठांवर आलेली नाही, ती पूर्ण झाली काय? देव तर अंतःकरण पाहतो. मग शब्दांची गरज कोणाला? या रविवारी आपण या प्रश्नावर थोडे चिंतन करू या.

बायबलच्या पहिल्याच पानावर देव बोलतो आणि सृष्टी होते. प्रकाश व्हावा असे तो म्हणतो आणि प्रकाश होतो. देवाच्या ठायी बोलणे आणि करणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. इब्री भाषेत 'दाबार' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ 'शब्द' असा होतो आणि 'घडलेली गोष्ट' असाही होतो. ज्या लोकांनी जुना करार लिहिला त्यांच्या दृष्टीने उच्चारलेला शब्द म्हणजे तोंडाची वाफ नव्हती, ती एक घडलेली गोष्ट होती.

म्हणूनच उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायातील प्रसंग आपल्याला चमत्कारिक वाटतो. वृद्ध, अंध इसहाकाला फसवून याकोब आशीर्वाद घेतो. थोड्याच वेळात एसाव येतो आणि सारा प्रकार उघडकीस येतो. आपण म्हणू, "फसवणूक झाली ना, मग आशीर्वाद रद्द करून टाका!" पण इसहाक थरथर कापतो आणि दिलेला आशीर्वाद परत घेऊ शकत नाही. एसाव मोठ्याने रडतो. त्याच्या हातून जमीन किंवा मेंढरे गेलेली नव्हती, गेले होते ते फक्त बापाच्या तोंडचे शब्द. पण त्या घरात शब्दांची किंमत सर्वांना ठाऊक होती.

हीच जाणीव आपल्या ख्रिस्तसभेने संस्कारांमध्ये जपली आहे. पाण्याला शब्द जोडला जातो तेव्हा संस्कार घडतो, असे संत ऑगस्टीन यांनी शिकवले. या शब्दांबाबत ख्रिस्तसभा किती दक्ष असते हे २०२० साली जगाला दिसून आले. अमेरिकेतील डेट्रॉइट महाधर्मप्रांतातील एका तरुण धर्मगुरूंनी स्वतःच्या स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, १९९० सालची घरगुती चित्रफीत पाहिली. त्या वेळी डीकनने 'मी तुला बाप्तिस्मा देतो' असे म्हणण्याऐवजी 'आम्ही' असा शब्द वापरला होता. त्याच ऑगस्ट महिन्यात व्हॅटिकनने 'आम्ही' म्हणून दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचे जाहीर केले होते. बाप्तिस्माच झाला नाही, तर पुढची दीक्षाही झाली नाही! त्या धर्मगुरूंना स्नानसंस्कार, दृढीकरण आणि धर्मगुरूपदाची दीक्षा हे सारे पहिल्यापासून घ्यावे लागले.

एका शब्दासाठी एवढे? हा काय मंत्रतंत्र आहे? असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये याचे उत्तर आहे. इफिस येथे स्किवा नावाच्या याजकाच्या सात मुलांनी येशूचे नाव मंत्रासारखे वापरून भूत काढण्याचा प्रयत्न केला. नाव तेच होते, उच्चार बरोबर होता. पण भूतबाधा झालेला माणूस त्यांच्यावरच तुटून पडला आणि ते जखमी होऊन पळाले (प्रे. कृत्ये १९). जादूटोण्यात अक्षरांना शक्ती असते अशी समजूत असते. आपल्या श्रद्धेत शक्ती अक्षरांची नसते, बोलणाऱ्याची असते.

म्हणूनच तो 'मी' महत्त्वाचा आहे. 'आम्ही' म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असू शकेल. आईवडील, धर्ममातापिता आणि सारा समुदाय मिळून बाळाचे स्वागत करतो असे त्यांना दाखवायचे असेल. पण बाप्तिस्मा समुदाय देत नाही, ख्रिस्त देतो. धर्मगुरू किंवा डीकन 'मी' म्हणतात तेव्हा त्यांच्या मुखाने ख्रिस्त बोलत असतो. पापनिवेदनाच्या वेळीही (जुनी माणसे ज्याला कुमसार म्हणतात) आपण क्षमेचे शब्द ऐकतो ते 'मी' असेच. त्या शब्दांमागे कोणीतरी उभा असतो. शब्दाचे खरे सामर्थ्य यातच आहे: बोलणारा स्वतः त्या शब्दात उतरतो.

विसाव्या शतकात जॉन ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने हाच विषय वेगळ्या वाटेने मांडला. १९५५ साली त्यांनी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात यावर व्याख्याने दिली आणि त्यांच्या निधनानंतर १९६२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये माहिती सांगतात, तर काही वाक्ये उच्चारताच कृती होते, असे त्यांचे म्हणणे होते. "बाहेर पाऊस पडतो आहे" ही माहिती झाली. पण "मी तुला वचन देतो" ही माहिती नाही, बोलणे हेच वचन देणे आहे. वेदीसमोर वधूवर एकमेकांचा स्वीकार करतात तेही असेच. त्यांचे प्रेम कदाचित पाच वर्षांचे असेल, लग्न मात्र त्या क्षणी होते. मनातल्या मनात कोणाचे लग्न लागत नाही.

जे बोलू शकत नाहीत त्यांचे काय? ख्रिस्तसभेने त्यांना विसरलेले नाही. १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार वधूवर बोलू शकत नसतील तर तोच अर्थ सांगणाऱ्या खुणांनी ते संमती देऊ शकतात. म्हणजे प्रश्न आवाजाचा नाही. जे आत आहे ते दुसऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे, हा प्रश्न आहे.

आता पुन्हा क्षमेकडे येऊ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, गालील सरोवराच्या काठी कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. महायाजकाच्या वाड्यात पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले तेव्हाही कोळशाचाच विस्तव पेटलेला होता. नाश्ता झाल्यावर प्रभू पेत्राला विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी होतो आणि म्हणतो की प्रभूला सर्व काही ठाऊक आहे. त्याचे म्हणणे खरेच होते. प्रभूला त्याचे मन ठाऊक होते. मग त्याने तीन वेळा का विचारले?

आम्हाला वाटते, ते शब्द प्रभूपेक्षा पेत्राला हवे होते. ज्या तोंडाने "मी त्याला ओळखत नाही" असे म्हटले होते, त्याच तोंडाने आता प्रीतीची कबुली द्यायची होती. शब्दाने झालेली जखम शब्दानेच भरून निघायची होती. पेत्र मनात झुरत राहिला असता तर त्याचा पश्चात्ताप खोटा ठरला नसता, पण तो त्या अंगणातून बाहेरही पडला नसता. कबुली दिल्यावर प्रभूने त्याच्या हाती आपली मेंढरे सोपवली. संत पौलही रोमकरांस पत्रात (१०:९-१०) अंतःकरण आणि मुख यांना एकाच वाक्यात जोडतो. अंतःकरणात विश्वास आणि मुखाने कबुली, त्याला दोन्ही हवे आहेत.

यावर कोणी म्हणेल, "नुसते गोड बोलणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत." हा आक्षेप रास्त आहे आणि तो प्रभूनेच सर्वांत आधी घेतला. एका माणसाला दोन मुलगे होते (मत्तय २१). द्राक्षमळ्यात जा असे सांगितल्यावर एक "नाही" म्हणाला, पण नंतर गेला. दुसरा "जातो" म्हणाला, पण गेला नाही. बापाची इच्छा पहिल्याने पूर्ण केली. कृतीविना शब्द पोकळ असतो, यात शंका नाही. पण पहिल्या मुलाचे "नाही" ऐकून बापाला काहीच वाटले नसेल काय? त्या दाखल्यात तिसरा मुलगा नाही: जो "जातो" म्हणतो आणि खरोखर जातो. ती जागा आपल्यासाठी मोकळी आहे.

आणखी एक गोष्ट जपून सांगायला हवी. ज्या व्यक्तीला घरात मारहाण होते, जिचे शोषण झाले आहे, तिला "जा, क्षमा केली म्हणून सांग" असा आग्रह कोणी धरू नये. दबावाखाली वदवून घेतलेला शब्द त्या व्यक्तीचा नसतोच. प्रभूचे बोलणे नीट ऐका. वेदीजवळ अर्पण आणल्यावर आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा, असे तो सांगतो (मत्तय ५:२३-२४). म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने आधी उठायचे आहे. पण त्याच शुभवर्तमानात (१८:१५) भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जाऊन एकांतात बोल, असेही प्रभू सांगतो. म्हणजे दुखावलेल्यालाही घरी बसून राहण्याची मुभा नाही. बांधावरून भांडलेल्या दोन भावांना हे दोन्ही लागू आहे. दोघे निघाले तर वाटेतच भेटतील!

आजकाल मोबाईलवर दोन हात जोडलेले चित्र पाठवले की झाले असे आपल्याला वाटते. निरोपाने सुरुवात होत असेल तर जरूर करावी. दुबईत किंवा कॅनडात असलेल्या भावाशी बोलायला दुसरा मार्गही नसेल. पण एकाच गल्लीत राहणाऱ्यांनी पडद्याआड लपू नये. इंटरनेटवरून संस्कार देता येत नाहीत, असे व्हॅटिकनने २००२ मध्येच स्पष्ट केले होते. संस्काराला माणूस समोर लागतो. समेटालाही तो लागतो. समोर उभे राहून बोलताना आवाज कापतो, मान खाली जाते, आणि ऐकणाऱ्याला ते दिसते. मनात ठेवलेल्या क्षमेला असा काही धोका नसतो. म्हणूनच ती आपल्याला सोपी वाटते आणि म्हणूनच ती दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. आपण क्षमा केली आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नसते. तो अजून आपल्या दाराकडे पाहत खाली मान घालून जात असतो.

देवाने आपले प्रेम मनातच ठेवले असते तर? ते तिथेही खरेच असते. पण त्याचा शब्द मनुष्य झाला, आपल्यात राहिला, आपल्या भाषेत बोलला आणि क्रुसावरही क्षमेचे शब्द मोठ्याने उच्चारून गेला. मारणाऱ्यांना ते ऐकू जावेत असेच त्याने ते उच्चारले. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात संत पौल सांगतो की देवाची सर्व अभिवचने ख्रिस्तामध्ये 'होय' ठरली आहेत आणि म्हणून आपण त्याच्याद्वारे 'आमेन' म्हणतो. आमेन म्हणजे 'हे खरे आहे, हे पक्के आहे.' पवित्र कम्युनियन घेताना आपण हा एकच शब्द बोलतो.

पुढच्या रविवारी वेदीपुढे तो शब्द उच्चारण्यापूर्वी आपल्याकडे सात दिवस आहेत. ज्याला आपण मनातून क्षमा केली आहे, किंवा ज्याची क्षमा मागायची मनात आहे, असे एक नाव प्रत्येकाने आठवावे. लांबलचक बोलण्याची गरज नाही. "भाऊ, माझे चुकले" किंवा "ताई, झाले गेले विसरू या" एवढे पुरे. समोरून लगेच उत्तर येईलच असे नाही. पण दार आपल्या बाजूने उघडलेले असेल.

प्रभू आपल्या मनाला धीर देवो आणि आपल्या ओठांना शब्द देवो. आमेन.