युनिकोड आले, श्रीलिपी गेली नाही

वैभववाडीच्या बाजारपेठेत किंवा कणकवलीत लग्नपत्रिका छापायला गेलात, तर मजकूर आता बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरच मागतात. तुम्ही फोनवर मराठीत टाइप करून पाठवता. तो युनिकोडमध्ये असतो. कुठल्याही फोनवर दिसतो, त्यात शब्द शोधता येतो. डीटीपीवाला तो कॉपी करतो, कन्व्हर्टरमध्ये टाकतो, श्रीलिपीत किंवा तसल्याच एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो, कन्व्हर्टरने केलेले घोळ हाताने निस्तरतो आणि मग पेजमेकरमध्ये नाहीतर कोरलड्रॉमध्ये पान लावतो. कधी कधी एवढ्या उठाठेवीपेक्षा सरळ पुन्हा टाइप करतो. चांगल्या स्थितीतला मजकूर उलट दिशेने नेण्यात त्याचा रोजचा वेळ जातो, आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

जुन्या फॉन्टची युक्ती अशी की संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच. फॉन्ट तेवढा त्या जागी देवनागरीचे तुकडे काढतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की पडद्यावर नुसती गिचमिड. त्यातून प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. हे सगळे दुरुस्त करायची सामग्री आपल्याकडे उशिरा आली असेही नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्ये प्रमाण ठरला. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतली देवनागरी तर ‘इस्की’ या भारतीय मानकाच्या १९८८ च्या रूपावरच बेतलेली आहे. सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था पुण्यात, श्रीलिपी करणारी मॉड्युलर इन्फोटेकही पुण्यातच.

मग अडले कुठे? माणसे नव्याला बिचकतात, हे ठरलेले उत्तर मला कधी पटले नाही. याच डीटीपीवाल्याने फ्लेक्सचे काम सुरू केले, यूपीआयचा क्यूआर कोड काउंटरवर चिकटवला. तिथे तो बिचकला नाही.

या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञ शंभर वर्षे डोके खाजवत आहेत. थॉर्स्टीन व्हेब्लेनने १९१५ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या चिमुकल्या मालडब्यांकडे बोट दाखवले. डबे लहान, म्हणून रूळ, सायडिंग, चढउताराच्या सोयी सगळ्या त्याच मापाच्या. मोठे डबे किफायतशीर ठरतील हे दिसत असूनही बदल होईना. जो आधी सुरुवात करतो, त्याला ती सुरुवात पुढे महागात पडते, असे त्याचे म्हणणे. १९८५ मध्ये पॉल डेव्हिडने, सरस मानलेला ड्वोरॅकचा कळफलक येऊनही टिकून राहिलेल्या इंग्रजी टाइपरायटरच्या क्वर्टी कळफलकाची गोष्ट सांगितली, आणि ब्रायन आर्थरने १९८९ च्या निबंधात तिला गणिती बैठक दिली: वापरणारे वाढले की वस्तूचा उपयोग वाढतो, उपयोग वाढला की वापरणारे वाढतात, सुरुवातीची क्षुल्लक आघाडी मग कायमची होऊन बसते. लगेच १९९० मध्ये लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी टाचणी लावली. क्वर्टीपेक्षा ड्वोरॅकचा कळफलक सरस होता हे मुळात सिद्ध कोणी केले, असा त्यांचा सवाल. सवाल रास्तच होता.

मला मात्र या सगळ्यांत कमी गाजलेला चार्ल्स किंडलबर्गर जास्त उपयोगी वाटतो. १९६० च्या दशकात त्याने व्हेब्लेनच्या डब्यांकडे पुन्हा पाहिले आणि एक साधी गोष्ट टिपली. कोळशाचे पुष्कळसे डबे खाणमालकांचे होते आणि रूळ रेल्वे कंपन्यांचे. मोठे डबे घ्यायचा खर्च एकाच्या माथी, आणि बचतीचा मोठा वाटा दुसऱ्याच्या खिशात.

आता पुन्हा डीटीपीच्या टेबलाशी येऊ. ‘सिंधुदुर्ग’ हा एक शब्द घ्या. मराठी टाइपरायटरवर बोटे तयार झालेला माणूस ऱ्हस्व वेलांटी आधी मारतो, मग ‘स’; रफार ‘ग’ नंतर. कागदावर जसे दिसते तसे. इन्स्क्रिप्टमध्ये ‘स’ आधी, वेलांटी नंतर, आणि रफाराचा ‘र्’ ‘ग’च्या आधी. सरकारी टायपिंग परीक्षेसाठी मिनिटाला तीस-चाळीस शब्दांचा वेग कमावलेल्या बोटांना हे शिकवायचे म्हणजे काही महिने निम्मी कमाई. बरे, शिकलाच तरी पेजमेकरला युनिकोड कळत नाही, आणि कोरलच्या जुन्या आवृत्त्यांत वेलांटी ‘स’च्या उजवीकडे जाऊन बसते, रफार मोडून पडतो. विंडोज एक्सपीवर तर मराठी दिसण्यासाठीच सेटिंगमध्ये खूण करून सीडी घालावी लागे. नवे सॉफ्टवेअर, नवे मशीन, नवे फॉन्ट, शिवाय पंचवीस वर्षांच्या पत्रिकांचे साचे बाद. हा सगळा खर्च त्याचा. आणि फायदा? मजकूर शोधणाऱ्या वाचकाचा, अभ्यासकाचा, संग्रह करणाऱ्या ग्रंथालयाचा. पत्रिका छापून घेणाऱ्या यजमानाला गणपतीचे चित्र आणि ठसठशीत अक्षर हवे असते. आत कोणते संकेतांक आहेत याच्याशी त्याला काय करायचे? श्रीलिपीतली वळणदार अक्षरे बरीच वर्षे युनिकोडमध्ये मिळतही नव्हती, हे आपण उत्साही मंडळी सोयीस्कर विसरतो.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचेही असेच. गोयंका पिता-पुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या त्याच्या कंपनीने २००६ च्या टॅली ९ मध्ये मराठीसकट अनेक भारतीय भाषांची सोय दिली. तरी बाजारातले हिशेब इंग्रजीतच राहिले, कारण डेटा शेवटी सीएकडे जायचा. दुकानदार पैसे मोजतो, पण निवड त्याच्या हिशेबनिसाची आणि सीएची असते.

युनिकोडचा प्रसार झाला तो डीटीपीवाल्याला पटवून नव्हे. सरकारने कार्यालयांना युनिकोडचे आदेश दिले, त्याने थोडे हलले. खरा फरक फोनने पाडला, कारण फोनमध्ये आधीचे काही मोडायचे नव्हते. रेल्वेचेही तसेच झाले: पुणे-मिरज मार्गाचे मीटरगेज बदलून ब्रॉडगेज करावे लागले. तळकोकणात मुळी रूळच नव्हते, म्हणून १९९८ मध्ये पूर्ण झालेला कोकण रेल्वेचा मार्ग वैभववाडी रोड स्टेशनातून पहिल्या दिवसापासून ब्रॉडगेजच गेला. ज्याने कधी टाइपरायटर पाहिला नाही त्या पोराने फोनवर मराठी लिहायला सुरुवात केली तेव्हा त्याला युनिकोड हे नावही ठाऊक नव्हते.

राहिला जुना साठा. जिल्ह्याजिल्ह्यांतली साप्ताहिके, दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, किती तरी मजकूर पेजमेकरच्या फाइलींत पडून आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्या फाइली उघडाव्या लागतील म्हणून काही ठिकाणी एखादे जुने मशीन अजून जपून ठेवलेले असते. ते बंद पडायच्या आत मजकूर युनिकोडमध्ये आणायला हवा, हे सगळ्यांना मान्य आहे. पण कन्व्हर्टर चालवून पानागणिक मुद्रिते तपासणाऱ्या माणसाचा पगार साप्ताहिकाने द्यायचा, ग्रंथालयाने की विद्यापीठाने, हे विचारले की बैठकीत चहा येतो.