रात्रपाळी, कर्जाचे हप्ते आणि मनःस्वास्थ्य

मनावरील ताणाविषयी हल्ली जो उपदेश केला जातो, तो बहुतांशी ज्याला आपला दिवस आपल्या इच्छेप्रमाणे आखता येतो अशा माणसाला उद्देशून असतो. पिंपरी-चिंचवडमधील निगडीच्या ज्या घरांतून माणसे एका आठवड्यात सकाळी, दुसऱ्यात दुपारी आणि तिसऱ्यात रात्री चाकण, भोसरी किंवा तळवड्याच्या कारखान्यांकडे निघतात, त्या घरांना तो कसा लागू करावा, याचा विचार त्यात क्वचितच आढळतो. पहाटे उठावे, फिरावे, रात्री लवकर निजावे, हे सारे खरे. परंतु ज्याला ‘नाइट’ लागली आहे त्याने कोणती पहाट धरावी?

१९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि कारखान्यांच्या आधाराने वाढणाऱ्या वस्तीला आखीव रस्ते, पेठा व उद्याने लाभली. जागेची तजवीज अशी झाली. वेळेची मात्र झाली नाही. मनुष्यदेहाचे तापमान पहाटे तीन-चारच्या सुमारास सर्वांत खाली उतरते आणि नेमक्या त्याच प्रहरी प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाला डोळे उघडे ठेवावे लागतात. पुढे घरी येऊन तो आडवा होतो तेव्हा ऊन वर आलेले असते, देह जागा होऊ पाहत असतो आणि जी झोप लागते ती रात्रीच्या झोपेहून तोकडी व उथळ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीची गणना संभाव्य कर्करोगकारक गोष्टींत केली, यावरून हा प्रश्न केवळ चिडचिडीचा नाही हे ध्यानी यावे.

म्हणून अशा घरात पहिला उपाय झोपेच्या बंदोबस्ताचा. ज्या घरांनी हे जाणले आहे तेथे खिडकीला काळा कागद किंवा जाड चादर लावलेली दिसते, घंटेचे बटण बंद असते, घंटागाडी येण्यापूर्वीच कचऱ्याची बादली खाली ठेवलेली असते आणि कुकरच्या शिट्ट्या घरधनी कामावरून परतण्याच्या आत उरकलेल्या असतात. या व्यवस्थेचा भार बहुधा घरातील स्त्रीवर पडतो आणि तिच्या ताणाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. नाइटच्या आठवड्यात शेजाऱ्यांनी मुलांना शाळेच्या गाडीपर्यंत पोहोचवण्याइतका हातभार लावला तरी तिला पुष्कळ उसंत मिळेल. कामगाराने पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा, कामावर निघण्यापूर्वी घटकाभर पडून घ्यावे. आणि संताप उसळला असता काही मिनिटे श्वास घेण्याहून सोडण्याचा काळ लांब ठेवावा, म्हणजे हृदयाची गती मंदावते. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी असते, तेव्हा जवळच्या दुर्गा टेकडीची चढण हाच उत्तम व्यायाम.

परंतु शांत झालेल्या मनाने पुढे काय करायचे? निगडीच्या चौकात शिवराय व तुकोबांच्या भेटीचे भक्ती-शक्ती शिल्प उभे आहे, म्हणून तुकोबांच्या चरित्रातील एक प्रसंग येथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात घरची माणसे गेली, व्यापार बुडाला, तेव्हा ते डोंगरावर एकांतात जाऊन बसले, एवढे आपण नेहमी सांगतो. पण परंपरा असेही सांगते की त्यानंतर त्यांनी येणे असलेल्या कर्जाची खते बाहेर काढली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. एकांताने मन स्थिर झाले आणि स्थिर मनाने व्यवहाराचा निकाल लावला, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आजचा कामगार ऋणको आहे, त्याला बँकेचे खत नदीत सोडता येत नाही. परंतु सुट्टीच्या दिवशी नवराबायकोने शेजारी बसून पगार, घराचा हप्ता, मुलांची फी आणि गावी पाठवायची रक्कम कागदावर मांडणे, आणि हप्ता थकण्यापूर्वीच बँकेकडे मुदतवाढ मागणे, हे त्याच्या हाती आहे. ज्या घराचा हप्ता ‘ओटी’ची, म्हणजे जादा कामाची, कमाई धरून बेतला आहे, त्या घराने आपली विश्रांती आधीच गहाण टाकलेली असते, ती सोडवणे हा माझ्या मते कोणत्याही ध्यानधारणेहून मोठा उपाय होय. आणि निराशा आवरेनाशी झाली, तर २०२२ पासून चालू असलेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर रात्रीच्या कोणत्याही प्रहरी बोलता येते. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आता कारखानदारांविषयी. रॉबर्ट कॅरासेक या समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली असे प्रतिपादन केले की, कामाचा बोजा मोठा आणि त्यावरील आपला अधिकार अल्प, असा संयोग जेथे होतो तेथे ताण सर्वाधिक असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला. पण कोणते तास, हे कामगाराला केव्हा कळावे, हा प्रश्न त्याच्या जगण्याच्या दृष्टीने तितकाच निकडीचा आहे. पाळ्यांचा तक्ता निदान महिनाभर आधी फलकावर लागावा. पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकत जावी, कारण उलट्या क्रमापेक्षा हा क्रम देहाला अधिक सोसतो. जादा काम संमतीने असावे. आणि योगदिनाची चटई अंथरणाऱ्या व्यवस्थापनाने हे आधी करावे. यात कंत्राटी कामगाराला वगळून चालणार नाही, कारण भाड्याच्या एकाच खोलीत जेथे निरनिराळ्या पाळ्यांची चार-पाच माणसे राहतात, तेथे खिडकीला काळा कागद लावूनही एकाच्या झोपेच्या वेळी दुसऱ्याचा डबा भरायचा असतो, आणि निदान खोलीतल्या सर्वांना एकच पाळी मिळावी एवढे तरी कंत्राटदाराला सहज करता येण्यासारखे आहे.